अप्पा कुणाच्या हद्दीत

भाकरी मी वर्षातून एकदाच वर्गात नेतो, अकरावीला खंड सरकण्याचा धडा असतो त्या दिवशी. उमादेवी, म्हणजे माझी बायको, ज्वारीची एक भाकरी फडक्यात वेगळी बांधून देते आणि न चुकता म्हणते, अन्नाचा असा खेळ करू नये. मी करतो. धाराशिवच्या ज्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो तिथं नकाशे आहेत, पृथ्वीचा गोल आहे, अलीकडं भिंतीवर पडदाही आला आहे. पण पोरांच्या डोक्यात काही घुसवायचं तर भाकरीसारखं साधन नाही. ती उंच धरायची, मधोमध फाडायची, दोन्ही तुकडे लांब न्यायचे आणि विचारायचं, हे दोन एकाच भाकरीचे कशावरून? मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणतंच, सर, कडा जुळतात. झालं. आफ्रिकेची आणि दक्षिण अमेरिकेची कड अशीच जुळते. आपला हा तुकडाही कधीकाळी आफ्रिकेला, मादागास्करला चिकटलेला होता. तिथून फाटला, समुद्रातून वर वर सरकत आला आणि आशियाला जाऊन धडकला. अजून ढकलतोच आहे, वर्षाला दोन बोटं. या ठिकाणी दर वर्षी एखादी पोरगी हळहळते, एकत्र होते बिचारे. मला त्या हळहळीचा राग येतो. एकत्र होते म्हणजे गुण्यागोविंदानं होते असं कुणी सांगितलं? चिकटलेले होते, एवढंच.

त्या शुक्रवारी मी सगळं नेहमीसारखं केलं आणि शेवटी विचारलं, मग या पृथ्वीवर न हलणारं काय आहे? 'काहीच नाही' हे उत्तर मीच देतो आणि फळा पुसतो. पण मुलींच्या रांगेतून एक बारीक, कोरडा आवाज आला. "मेलेला माणूस, सर." वर्ग हसला. आवाज तसाच पुढं म्हणाला, "दगड हलवत्यात लोकं. मेलेल्या बापाला कोण हलवतंय?"

माझ्या हातातल्या अर्ध्या भाकरीचा कोपरा चुरून खाली पडला. हे वाक्य जगात एकदाच बोललं गेलं होतं, आमच्या दारातल्या लिंबाखाली, बाजेवर, आणि तेव्हा तिथं तिघंच होतो: बोलणारे माझे वडील अप्पा, माझा थोरला भाऊ नागप्पा आणि मी. मी ते उमादेवीलाही सांगितलेलं नाही. म्हणजे त्या घरात ते अजून बोललं जात होतं, पोरीबाळींच्या तोंडी गेलं होतं, आणि आता माझ्या वर्गात येऊन माझ्याच तोंडावर फेकलं गेलं होतं. मी नाव विचारलं. ती उभी राहिली. "शिवप्रिया नागप्पा," एवढंच म्हणाली. आडनाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ते माझंच. हजेरी मी नंबरावरच घेतो, म्हणून इतके महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. कान अप्पांचे होते, वरून मुडपलेले. मी तिला जवळून शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. "बाहेर हो," मी म्हणालो. तिनं कारण विचारलं नाही. दप्तर उचललं, ओढणी सावरली आणि दार लावताना त्याचा आवाजही होऊ दिला नाही. तो सभ्यपणाच मला जास्त झोंबला.

कॉलेजातून घर लांब नाही, पण मी बसस्थानकाकडून मोठा वळसा घेतला. माझं डोकं तापलं की मला माणसांच्या गर्दीत चालावंसं वाटतं, कारण तिथं कुणावरही मनातल्या मनात ओरडता येतं. रिक्षावाले, पेरूच्या गाड्या, कोर्टातून सुटलेले काळे कोट, सगळ्यांना मी त्या दिवशी शिव्या दिल्या. खरी शिवी एकालाच होती. सोमवारी आमच्या रानाची मोजणी होती. तीन वर्षं मागं लागून मी सरकारी मोजणी लावून घेतली होती, आणि मोजणीच्या तोंडावर नागप्पाची पोरगी माझ्या वर्गात बसून अप्पांचं वाक्य बोलते, हा योगायोग आहे असं समजायला मी काही कालचं पोर नाही. प्यादं पुढं केलं होतं त्यानं. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. आमचे वकील बोलतात. वकिलांचंही आपसात बरं चाललेलं असतं, चहा एकत्र पितात. वैर तेवढं आमचं आमच्याकडं राहतं.

आमचं गाव उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. अप्पा रागावले की मराठीत बोलायचे आणि माया आली की कानडीत, त्यामुळं माझं कानडी फार कच्चं राहिलं. त्यांनी जिवंतपणीच वाटणी केली. उत्तरेचा अर्धा नागप्पाला, दक्षिणेचा अर्धा मला, मधून पूर्व-पश्चिम बांध. बांधाच्या पश्चिमेच्या टोकाला बिराप्पाचं रान लागतं, म्हणजे त्या टोकाशी तीन रानं येऊन भिडतात. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग देतात आणि पुरतात, पुष्कळांना आपापल्या रानातच. अप्पांनी वाटणी झाली त्या दिवशी जागा सांगून ठेवली. "मला बांधाच्या तोंडाशी बसवा. दगड रोवून काय उपेग? दगड हलवत्यात लोकं. मेलेल्या बापाला कोण हलवतंय?" आणि हसले. स्वतःचं प्रेत हद्दीचा दगड म्हणून वापरायची अक्कल आमच्या अप्पांनाच सुचावी. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, पोटच्या दोन पोरांवर इतका अविश्वास असलेला माणूस निवांत झोपला तरी कसा असेल. पण तो झोपलेला नाहीच. बसलेला आहे.

अप्पा गेले तेव्हा नागप्पानं मला उशिरा कळवलं. तो म्हणतो गडबडीत राहून गेलं. मी पोचलो तेव्हा खड्डा तयार होता, बेलाची पानं, मीठ, विभूती, सगळं तयार होतं, नुसता मीच राहिलो होतो. विधी करणाऱ्या स्वामींनी अप्पांचं तोंड उत्तरेला केलं. शास्त्र तसंच आहे, मला माहीत आहे. पण उत्तरेला नागप्पाचं रान. अप्पा त्याच्या पिकाकडं तोंड करून बसले आणि माझ्याकडं त्यांची पाठ झाली. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो, माती लोटायची माझी पाळी आली, आणि मला अप्पांच्या मानेवरची सुरकुती दिसत होती, न्हाव्यानं नुकतीच वस्तरा फिरवलेली. बाप गेल्याचं दुःख व्हायच्या आत मला हे दुःख झालं. आज सांगायलाही लाज वाटत नाही. उमादेवी म्हणते, मेलेल्या माणसाच्या तोंडाचं काय घेऊन बसलात. तिचा बाप तिच्याकडं तोंड करून गेला असणार.

बांध कोरणं म्हणजे काय हे ज्याला शेत नाही त्याला सांगून कळत नाही. कुणी एका दिवसात बांध सरकवत नाही, तसं केलं तर गाव जमा होईल. नांगरताना फाळ बांधाच्या पोटात टेकवायचा, बस. ढेकळं आपल्या बाजूला पडतात. पुढच्या वर्षी पुन्हा. बांध सडपातळ होत जातो, मग पलीकडच्याला वाटतं आपलंही थोडं भरून घ्यावं, आणि बांध माती होऊन पलीकडं जाऊन पुन्हा उभा राहतो. कुणी पाहिलेलं नसतं. हाच तर प्रकार त्या जर्मन माणसाच्या बाबतीत झाला, ज्यानं खंड सरकतात असं पहिल्यांदा नीट मांडलं. कडा जुळतात हे मोठमोठ्या पंडितांना दिसत होतं, दोन्ही किनाऱ्यांवर एकाच जातीच्या प्राण्यांची हाडं सापडत होती, खडक सारखे होते. पण त्यांचा एकच सवाल, ढकलतं कोण ते दाखव. ते त्याला दाखवता आलं नाही. लोक हसले. तो बर्फात मरून गेला, आणि पुढं कित्येक वर्षांनी समुद्राच्या तळाची मापं निघाली तेव्हा त्याच लोकांची पोरं म्हणाली, बरोबर होतं म्हाताऱ्याचं. माझा वकीलही तेच म्हणतो. बांध सरकला हे दिसतंय हो सर, पण ढकलला कुणी ते सिद्ध करा. मी त्याला विचारलं, उत्तरेला रान त्याचं, ट्रॅक्टर त्याचा, मग काय पाखरांनी ढकलला?

मी टेप घेऊन गेलो होतो एकदा. तेव्हाच आमचं बोलणं तुटलं. नागप्पा ट्रॅक्टरवर होता. मी बांधावर वाकून मोजत होतो, आणि त्यानं यंत्र बंदही न करता वरून सांगितलं, "मास्तर, फूटपट्टी शाळंत ने. हितं पोरं न्हायती तुझी." चार गडी हसले. त्यांतले दोघं माझ्या अंगाखांद्यावर खेळलेले. मी त्याला काय बोललो ते इथं सांगत नाही. त्यानं मला काय म्हटलं तेही नाही. अव्वा, म्हणजे आमची आई नीलम्मा, तेव्हा जिवंत होती. ती घराच्या दारातून कानडीत ओरडत होती, "कुंदरा रे, कुंदरा," बसा रे, बसा. कुणी बसलं नाही. त्यानंतर आम्ही येळवशीलाही बांधाच्या दोन बाजूंना बसतो. येळवस म्हणजे आमच्या भागातला रानातला सण, सगळं गाव डोक्यावर हंडे घेऊन शिवारात जातं, कडब्याची खोप करतं, भज्जी आणि आंबील खातं. आमच्या दोन खोपी. दोघींची तोंडं एकमेकींविरुद्ध. आठवड्यापूर्वीच झाली येळवस. मी पाहुण्यांना वाढत होतो आणि मागून नागप्पाचं हसणं ऐकू येत होतं, अगदी अप्पांसारखं, शेवटाला खोकल्यात जाणारं. ते ऐकून मला घास गिळवेना. आंबील शिंपडताना त्याच्याकडचे चार शिंतोडे माझ्या हद्दीत आले, ते मी बघून ठेवले.

जमीन मला नको आहे. हे मी वकिलाला सांगितलं नाही, पण तेच खरं. मला अप्पा हवे आहेत. मोजणीत हद्द निघेल, चुन्याची रेघ पडेल, आणि अप्पा रेघेच्या दक्षिणेला निघतील असा माझा हिशेब आहे. कारण वाटणी झाल्यापासूनच कोरत आला तो, उत्तरेकडून. म्हणजे खरी हद्द आजच्या बांधाच्या पलीकडं, त्याच्या रानात. अप्पा माझ्यात. मग मी तिथं तारेचं कुंपण घालणार. नागप्पा रोज संध्याकाळी समाधीवर दिवा लावतो, साऱ्या गावाला कौतुक, थोरला म्हणजे थोरला. एकदा अप्पा माझ्या हद्दीत आले की मी त्याला कुंपणाबाहेर उभा करून सांगणार, ह्याच्या आत पाय ठेवायचा नाही. वाक्य मी घडवून ठेवलं आहे. आंघोळ करताना, खडू हातात घेताना, पेपर तपासताना मी ते म्हणून बघतो. कधी शेवटाला 'अण्णा' घालतो, कधी काढतो.

घरी आलो तर उमादेवीला आधीच कळलेलं. शेजारच्या पोरीनं सांगितलं असणार. "भावाची लेक आली शिकायला, तिला जेवायला बोलवायचं सोडून वर्गाबाहेर काढलंत?" मी म्हणालो, ती हेर आहे. ती म्हणाली, "हेर वसतिगृहात उसळ खात राहतो व्हय?" मी फडकं तिच्यासमोर टाकलं. त्यात भाकरीचा राहिलेला तुकडा होता. तिनं तो उचलला, झटकला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला, सावकाश, एकेक घास चावत. या बाईशी मी चोवीस वर्षं संसार केला आहे. मला चिडवायला तिला शब्द लागत नाहीत.

रविवारी सकाळी उमरग्याची एसटी धरली. तुळजापूर मागं पडलं, नळदुर्ग आलं, आणि तिथं पुढच्या बाकावरून शिवप्रिया उठून माझ्याकडं आली. मी तिला चढताना पाहिलं होतं आणि पेपर वर धरला होता. "बसू का, काका?" मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती बसली. बाहेर तुरी पिवळ्या पडलेल्या, मधे मधे काळ्या दगडाच्या खाणी. हा दगड लाव्ह्याचा, आणि तो वर उसळला तेव्हा आपला हा सगळा तुकडा विषुववृत्ताच्याही खाली, समुद्रात कुठंतरी होता. म्हणजे ज्याला आपण वडिलोपार्जित म्हणतो तो दगडही इथला नाही. हे मला तिला सांगावंसं वाटलं. सवय, दुसरं काय. मी ओठ दाबून धरले.

"शुक्रवारी म्या मुद्दाम बोलले न्हाय," ती म्हणाली. "तुमी भाकरी अशी मधनं फाडली. बाबा पण तशीच फाडत्यात. आन जेवताना कवा कवा अज्जाचं ते म्हणत्यात. तोंडातनं गेलं."

"या कॉलेजात तुला घातलं कुणी?"

"बाबांनीच. उमरग्यात हाय की कॉलेज. पर म्हणले, भूगोल शिकायचा तर तितंच जा. त्येच्यावानी कुणी शिकवत न्हाय."

माझ्या छातीत काहीतरी हललं आणि मी ताबडतोब त्यावर पाय दिला. गोड बोलून माणसाला ढिला करायची ही आमच्या घरातली जुनी रीत, अप्पाही बाजारात बैल घेताना आधी मालकाच्या मुलाचं कौतुक करायचे. मी म्हणालो, "तुझ्या बाबाला सांग, असं बोलून हद्द बदलत नाही."

"अज्जा तुमच्या हद्दीत निघाले, तर बाबांना दिवा लावू देणार न्हाय का तुमी?"

"आणि त्याच्या हद्दीत निघाले तर तो मला देईल?"

ती विचारात पडली. खोटं बोलायची संधी होती, वयही होतं. "न्हाय," ती म्हणाली. "न्हाय देणार." मग खिडकीकडं बघत, मला की स्वतःला कोण जाणे, "दोघं बोलता पण एकसारखंच." उमरगा येईपर्यंत मी पेपरात एकच बातमी वाचत होतो आणि ती कशाबद्दल होती ते मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी मोजणीवाला वेळेवर आला, हेच आधी खटकलं. तरुण माणूस, टोपी, पाठीवर पिशवी, हातात उंच दांडा आणि त्याच्या टोकाला पांढरी चकती. आता साखळी नाही, फळी नाही. आकाशातले उपग्रह जागा सांगतात, बोटभराच्या फरकानं. ज्या उपग्रहांनी खंड किती सरकले ते मोजतात, तेच हे. मला त्या यंत्राबद्दल माया वाटली. नागप्पा त्याच्या बाजूला उभा होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि डाव्या गुडघ्यावर भार देत नव्हता. शिवप्रिया मागं पाण्याची कळशी घेऊन उभी. पश्चिमेला बिराप्पा घोंगडी खांद्यावर टाकून उकिडवा बसला होता. लगतचा शेतकरी म्हणून त्यालाही नोटीस गेली होती. मला त्याचं अस्तित्व पंचनाम्यावरच्या अंगठ्यापुरतंच होतं. मोजणीवाल्यानं गावशिवेच्या जुन्या दगडापासून सुरुवात केली, निजामाच्या काळचा नकाशा फोनवर काढला, आणि हरभरा तुडवत चालू लागला. मधल्या बांधावर चुना पडत गेला. मी रेघेच्या मागं मागं चाललो होतो. नागप्पानं कोरलं होतं, पण हातभर. कुठं तेही नाही. अकरा वर्षं ज्याच्यावर झोप उडाली तो चोर एवढासा निघाला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला फसवल्यासारखं वाटलं.

मग तो पश्चिमेच्या टोकाला गेला. समाधीच्या जरा अलीकडं थांबला. दांडा रोवला, फोन पाहिला, पुन्हा रोवला. मी म्हणालो, अजून पुढं, बांध तिकडं आहे. तो म्हणाला, "बांध तिकडं आहे सर. हद्द इथं आहे." आणि चुना सोडला, उत्तर-दक्षिण, माझ्या आणि नागप्पाच्या दोघांच्या रानातून सरळ. समाधी रेघेच्या पलीकडं राहिली. अप्पा ना माझ्यात होते, ना नागप्पाच्यात. अप्पा बिराप्पाच्या रानात बसले होते.

"असं कसं?" नागप्पा म्हणाला. मोजणीवाल्यानं खांदे उडवले. "बांध कुणीतरी त्यांच्यात नेलाय. दहा-अकरा हात. आजचं नाही हे, फार जुनं आहे."

आणि मला वास आला. ओल्या मातीचा नाही, हराळीच्या मुळांचा, हिरवट, कच्च्या दुधासारखा. मी लहान आहे, बैलांच्या पुढं कासरा धरून उलटा चालतो आहे, अप्पा नांगरावर, आणि याच टोकाशी आल्यावर ते दबक्या आवाजात म्हणतात, पोटातनं घे, पोटातनं. मी कासरा ओढतो, बैल बांधाला घसटतात, फाळ आत जातो आणि पांढरी मुळं चर्र करून तुटतात. तो आवाज मला आवडायचा. पलीकडं एक माणूस उभा राहून बघायचा, काही बोलायचा नाही, त्याच्या अंगात बंडीही नसायची. नांगराचं तास संपलं की अप्पा माझ्या हातावर गूळ ठेवायचे आणि कानडीत काहीतरी म्हणायचे, लाडाचं. नांगरणं म्हणजे असंच असतं असं मी समजत होतो. मेलेल्या बापाला कोण हलवतंय, म्हणाले होते. बांधाच्या तोंडाशी बसवा म्हणाले होते. दोन पोरांच्या मधे म्हणून नव्हे. खाल्लेल्या तुकड्यावर बूड टेकून, तो कुणी परत मागू नये म्हणून.

बिराप्पा उठला. घोंगडी झटकली. "त्येंच्या हयातीत म्या बोललो न्हाय," तो म्हणाला. "माझा बाप बोलला हुता एकदा, तर चावडीवर त्यालाच हात जोडाय लावले. आता मशिनीनंच सांगितलंय." तो समाधीपाशी गेला आणि तिच्या कठड्यावर हात ठेवला. "ह्येंना म्या हलवणार न्हाय. मेलेल्या माणसाशी माझं वैर न्हाय. दिवा बी म्या लावीन. पर तुमी दोघांनी ह्या चुन्याच्या आत पाय ठिवायचा न्हाय."

माझं वाक्य. शब्दाला शब्द माझं, आणि त्याच्या तोंडी किती सोपं, किती पुरतं वाटत होतं. मी घडवून घडवून त्याचं वाटोळं केलं होतं. मला हसू येईल असं वाटलं. चुन्याच्या पलीकडं अप्पांच्या समाधीवर काल संध्याकाळचं तेल काळं पडलं होतं.

"शंभू," नागप्पा म्हणाला.

अकरा वर्षांनी. मास्तर नाही, शंभू. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट होती, भीती. "तू सांग की ह्येंना. तू शिकलेला हाईस. जमीन सरकती म्हणतोस न्हवं तू? पोरगी सांगत हुती, वरसाला दोन बोटं. नकाशा निजामाचा. शंभर वरसं झाली. मंग हिशेब चुकंल का न्हाय? बांध आपल्या अप्पांनी न्हाय नेला. जमीनच सरकली. सांग की."

वर्षाला दोन बोटं, शंभर वर्षं, दहा-अकरा हात. हिशेब असा चपखल बसत होता की अंगावर काटा आला. आणि तो पूर्ण खोटा होता. सरकतं तेव्हा सगळं एकदम सरकतं: माझं रान, त्याचं रान, बिराप्पाचं रान, गावशीव, तो जुना दगड, उमरगा, हैदराबाद, सगळं एकाच तव्यावर, एकाच दिशेला. एका बांधापुरती जमीन सरकत नाही. हे अकरावीच्या पोराला कळतं. मी शिकवलेल्या पोराला तर कळतंच. सगळे माझ्याकडं बघत होते. मोजणीवाला टोपी काढून घाम पुसत होता, तोही थांबला. नागप्पाचा हात पुढं आलेला होता, मला लागला नव्हता, पण पुढं होता.

"हो," मी म्हणालो. वर्गातला आवाज लावला. "जमीन सरकते. हे शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आज जसाच्या तसा लागू होत नाही."

"ऐकलं का?" नागप्पा बिराप्पाला म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. माझा अभिमान. मला तो इतका गोड लागला की मला स्वतःची किळस आली, आणि तरी गोडच लागला.

बिराप्पा माझ्याकडं बघत राहिला. "मंग माझं रान काय खिळ्यानं ठोकलं हुतं व्हय, मास्तर?"

मोजणीवाला म्हणाला, हरकत असेल तर फेरमोजणीला अर्ज करता येतो. "लावू," नागप्पा म्हणाला. "कोर्टात बी जाऊ. काय रं शंभू?" "जाऊ, अण्णा," मी म्हणालो. तेवढ्यात मागून कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पर सर," शिवप्रिया म्हणाली. काका नाही म्हणाली. "तिन्ही रानं एकदमच सरकत असतील की. मंग मधला फरक कसा पडंल?"

"तू गप," नागप्पा ओरडला. "थोरामोठ्यात बोलू नगं."

तिचं बरोबर होतं. परीक्षेत मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. ती बापाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, मी काय म्हणतो याची वाट पाहत. मी तिच्यावरून नजर काढली आणि अण्णाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि आम्ही दोघं मिळून बिराप्पाकडं बघू लागलो.